मदत हवी आहे: आमच्या गुळाला बाहेरचा कुठला बाजार मानवेल? दुबई, जर्मनी की अजून कुठला?

नमस्कार मंडळी,

करवीर तालुक्यात भोगावतीकाठी आमचं गुऱ्हाळ आहे. सासरे स्वतः गुळव्या. चार वर्षांपूर्वी मी आणि दिरांनी मिळून छोटी कंपनी काढली, आयईसी म्हणजे आयात-निर्यातीचा क्रमांक घेतला, अपेडाची, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची, नोंदणी केली. आता दीर म्हणतात दुबईला कंटेनर भरू, आमचे हे म्हणतात जर्मनीत सेंद्रियला दर आहे. मला दोन्ही पटत नाही, पण तिसरं काय ते सांगता येत नाही. पैसा एकाच बाजारात घालता येईल एवढाच आहे. चुकलं तर दोन हंगाम तरी मागं जाऊ, म्हणून जाणकारांना विचारते.

आमचा गूळ पिवळाधमक नाही. हायड्रॉस ही गंधकाची रासायनिक पावडर घातली की रंग उजळतो आणि यार्डात सौद्याला क्विंटलमागं फरक पडतो, हे माहीत असूनही सासऱ्यांनी ती कधी घालू दिली नाही. भेंडीचा चीक आणि बेतानं चुना, एवढ्यावर मळी काढतात. त्यामुळं गूळ तांबूस निघतो, आणि एका आदणाचा, म्हणजे एका काहिलीतल्या गुळाचा, रंग दुसऱ्याशी तंतोतंत जुळत नाही. को ८६०३२ जातीच्या उसाची लागण असली तर एक रंग, खोडवा असला तर दुसरा. कणी मात्र सुरेख धरते. काहील उतरवायची वेळ आली की सासरे पाकाचा थेंब गार पाण्यात सोडतात, बोटांनी गोळी वळतात आणि पितळी वाटीवर टाकतात. टण्ण वाजली की काहील खाली. थर्मामीटर आणून दिलाय, त्यावर ११८ अंशांच्या आसपास काटा असतो तेव्हाच ती गोळी वाजते. दहा वेळा ताडून बघितलंय.

दुसरी जमेची बाजू म्हणजे वही. कुठल्या रानातला ऊस, तोड कधी, गाळप कधी, हे प्रत्येक आदणाला लिहिलेलं आहे. नड म्हणजे हंगाम दिवाळी ते मार्च, आणि माल थोडा.

दुबईचं सांगते. गेल्या वर्षी तिथल्या एका व्यापाऱ्याला जुलैत अर्धा-अर्धा किलोच्या वड्यांचे ४० बॉक्स पाठवले. आमचीच चूक, पावसाळ्यात भरले. गूळ पाघळला. त्यांनी फोटो पाठवला, खालच्या थरातल्या बॉक्सचे तळ काळे पडलेले आणि वड्या एकमेकींना चिकटून एकच ढेप झालेली. तो फोटो मी अजून मोबाईलमध्ये ठेवलाय. पण खरी अडचण पुढं कळली. माल चांगला असता तरी त्यांना हवा होता पिवळा, एकसारखा, आणि यूपीतल्या मुझफ्फरनगरच्या गुळाच्या भावात. २०२२ च्या मे महिन्यात यूएईशी व्यापार करार लागू झाल्यापासून सगळेच तिकडं धावतायत. तिथं आमची वही कुणी उघडूनसुद्धा बघणार नाही.

जर्मनीत वही बघतील, पण शेत सेंद्रियात बदलायला दोन-तीन वर्षं, वर दाखल्याचा खर्च. शिवाय तिथल्या आरोग्यवाल्या दुकानांत कोलंबियाचा पनेला, म्हणजे तिकडचा उसाचा गूळ, आधीच बसलाय. गूळ म्हणजे काय इथपासून गिऱ्हाइकाला शिकवायचं, तेवढी आमची ताकद नाही.

तर माझं विचारणं असं: तांबूस, थोडका, हंगामी पण खात्रीचा गूळ, हे ज्याला दोष न वाटता हवंच आहे असं गिऱ्हाईक कुठल्या देशात आहे? आणि गुळाच्या पावडरीचं युनिट टाकावं की रव्यांवरच, म्हणजे घट्ट ढेपांवरच, राहावं? कोल्हापुरी गुळाला २०१४ ला मिळालेल्या जीआयचा, म्हणजे भौगोलिक मानांकनाचा, बाहेर खरंच उपयोग होतो का? अनुभव असलेल्यांनी स्पष्ट लिहा, वाईट वाटणार नाही.

प्रतिसाद १

ताई, मी मूळचा कसबा बावड्याचा, अकरा वर्षं इंग्लंडात लेस्टरला आहे. तुमचं गिऱ्हाईक इथं बेलग्रेव्ह रोडला आहे. १९७२ ला इदी अमीननं युगांडातून घालवलेली कितीतरी गुजराती कुटुंबं या गावात वसली. कोल्हापूरच्या गुळाचा मोठा गिऱ्हाईक पहिल्यापासून गुजरातच ना? त्यामुळं ‘कोल्हापुरी गोळ’ हे नाव इथल्या आजीबाईंना मी सांगावं लागत नाही, त्याच मला सांगतात. थंडीत सुखडी, उत्तरायणाला म्हणजे संक्रांतीला चिक्की. सगळ्याला गूळ.

पावडरीत आत्ता पैसा घालू नका. त्या बायका रवा हातात घेतात, नखानं कोपरा खरवडतात, वास घेतात, मग ठरवतात. एक किलोचे रवे करा. तांबूस रंगाला ‘देशी’ म्हणून मान आहे. सल्फाइट किलोला १० मिलिग्रॅमच्या वर असलं तर इथं लेबलवर लिहावंच लागतं. तुम्ही हायड्रॉस घालत नाही, म्हणजे तपासणीचा कागद हातात घेऊन आयातदाराकडं जाता येईल. लेबलवर इथल्या आयातदाराचा पत्ता लागतो, तो आधी पक्का करा.

प्रतिसाद २

वहिनी, मी कस्टम्सचं काम बघतो. एक गोष्ट धरून चला. कस्टम्सच्या यादीत गूळ १७०१ या क्रमांकात, म्हणजे साखरेच्याच घरात येतो. युरोपात आणि ब्रिटनमध्ये या घरातलं शुल्क किमतीवर नसून वजनावर आहे. ३० रुपयांच्या गुळाला आणि १५० रुपयांच्या गुळाला किलोमागं तेवढंच. स्वस्त माल त्यात मरतो, महाग तरतो. त्यामुळं तिकडं जायचं तर भाव पाडून जाऊ नका. कंटेनर अख्खा भरण्याचा हट्टही नको, इतरांच्या मालाबरोबर दोन पॅलेट (माल रचायच्या चौकटी) जातात. आत ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगायला विसरू नका.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. बावड्याच्या दादांचा प्रतिसाद सासऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. नखानं खरवडतात म्हटल्यावर ते म्हणाले, “मग त्यांना गूळ कळतो.” त्यांचा होकार आला असं मी धरते.

पावडरीचं युनिट थांबवलं. दिरांनाही वजनावरच्या शुल्काचा हिशेब पटला. जीआयचं उत्तर मला प्रतिसादातच मिळालं. नाव आधीच तिथं पोचलंय, आता पॅकवर अधिकृत वापरकर्ता म्हणून छापायची नोंदणी करून घेते.

आता अडलंय ते तारखेपाशी. आमचा पहिला गूळ दिवाळी पाडव्याच्या सौद्याच्या सुमारास निघतो. तांबड्या समुद्राचा रस्ता टाळून जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जातात तेव्हा न्हावाशेवाहून लागणारे दिवस वाढतात, म्हणजे दिवाळी तर हुकलीच. उत्तरायणाच्या आधी, डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात माल दुकानात लागायला हवा असेल तर गोदीत कधी द्यावा? आणि पहिल्या व्यवहाराला आयातदाराकडून निम्मी रक्कम आगाऊ मागितली तर चालते का, की एलसी, म्हणजे बँकेचं हमीपत्रच, करावी? माल दोन पॅलेट, एक किलोचे रवे. कुणी नुकताच माल पाठवला असेल तर तारखांसकट लिहा.