जुना संगणक रखडतोय? कुठे अडलं होतं ते लिहा (अनुभव धागा)

फोंडा, धागाकर्ता

मंडळी, विंडोज १० ची नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आणि तेव्हापासून आमच्याकडे जो तो विचारतोय, घरातल्या जुन्या डब्याचं करायचं काय? दुकानदार म्हणतो नवा घ्या. कॉलेजात जाणारा भाचा म्हणतो एसएसडी (चिपांवर साठवणारी, न फिरणारी डिस्क) टाका. कधीकधी दोघांचंही खरं ठरतं, पण झाकण उघडून कुणीच पाहिलेलं नसतं.

तेव्हा इथे लिहिताना एवढं पथ्य पाळा: नुसता उपाय नको. अडलं कुठे होतं आणि ते कसं कळलं, हे आधी लिहा. 'स्लो झालाय' ही तक्रार सगळ्यांची एकच असते, कारणं मात्र दहा निघतात.

सुरुवात मीच करतो. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. लॅपटॉप चालू झाल्यावर त्यातले सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम) आणि डिस्क हे तीन रकाने थोडा वेळ नुसते बघत बसा. माझ्याकडे सीपीयू जेमतेम दहा-पंधरा टक्के आणि डिस्क शंभरावर चिकटलेली. ५४०० आरपीएमच्या (मिनिटाला तितक्या फेऱ्यांच्या) हार्ड डिस्कची तबकडी एक फेरी ११ मिलिसेकंदांत घेते. हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धी फेरी, आणि त्याआधी ते टोक योग्य पट्ट्यावर सरकायला आणखी दहा-बारा मिलिसेकंद. म्हणजे विखुरलेले बारीक तुकडे वाचायचे तर सेकंदाला साठ-सत्तरच्या आसपास. विंडोज सुरू होताना असे हजारो तुकडे मागतं. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, त्यामुळे तिथे हा आकडा हजारोंच्या घरात जातो. माझ्या बाबतीत भाचा बरोबर होता. पण म्हणून सगळ्यांच्या बाबतीत असेल असं नाही, ते खाली दिसेलच अशी आशा आहे.

डिचोली, प्राथमिक शिक्षिका

लॅपटॉप इंटेलच्या पाचव्या पिढीच्या आय-३ प्रोसेसरचा, चार जीबी रॅम, मूळची हार्ड डिस्क. शाळेचे निकाल भरायला बसायचं तर आधी बटण दाबून स्वयंपाकघरात जायचं, कुकर लावून परत यायचं, तेव्हा कुठे पडदा हाताला यायचा. डिस्कचा रकाना तुमच्यासारखाच शंभरावर.

म्हापशातल्या एका दुरुस्तीवाल्या दादांनी २५६ जीबीची एसएसडी बसवली. त्यांनी एक गोष्ट छान केली. डीव्हीडी ड्राइव्ह तसाही बंद पडला होता, तो काढून त्या खाचेत कॅडी (डिस्क ठेवायची चौकट) बसवली आणि जुनी हार्ड डिस्क त्यात ठेवली. विंडोज एसएसडीवर, फोटो आणि शाळेच्या फायली जुन्या डिस्कवर. कॅडी ९.५ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन जाडीच्या मिळतात, घेण्याआधी आपला ड्राइव्ह मोजून घ्या.

सुरू व्हायला आता अर्ध्या मिनिटाच्या आत. मात्र क्रोममध्ये पाच-सहा टॅब उघडले की पुन्हा रडगाणं. या वेळी डिस्क शांत आणि मेमरी नव्वदच्या पुढे. म्हणजे दुखणी दोन होती, पहिलं दुसऱ्याला झाकून होतं. रॅम आठ जीबी केली. आमच्या यजमानांच्या कपाटात जुन्या लॅपटॉपची डीडीआर-३ प्रकारच्या रॅमची एक पट्टी पडून होती, ती लावली तर यंत्र सुरूच होईना. दादांनी सांगितलं, या लॅपटॉपला १.३५ व्होल्टची डीडीआर-३-एल लागते, कपाटातली १.५ ची आहे. खाच सारखीच, पट्टी दिसायलाही सारखीच! लेबलावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, तेवढं वाचा.

वास्को, निवृत्त

आमचं घर बायण्याला, समुद्र खिडकीतून दिसतो. पाहुण्यांना त्याचं कौतुक, संगणकाला नाही. डेस्कटॉप सुरू व्हायचा झटक्यात, काम करायचा झटक्यात, आणि पंधरा-वीस मिनिटांनी दम लागल्यासारखा बसायचा. बंद करून तासाभराने लावला की पुन्हा तरतरीत. टास्क मॅनेजरात डिस्क ठीक, मेमरी ठीक. सीपीयूच्या पानावर वेगाचा आकडा मात्र हळूहळू उतरताना दिसला.

तापमान दाखवणारं एक फुकट सॉफ्टवेअर टाकलं तर प्रोसेसर नव्वद अंशांच्या पुढे. एवढा तापला की तो स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच उतरवतो. एसएसडी टाकून इथे काहीही फरक पडला नसता.

झाकण उघडलं. कोरडी धूळ ब्रशने निघते, पण खारी दमट हवा लागली की धूळ पंख्याच्या पात्यांना आणि खालच्या ॲल्युमिनियमच्या जाळीला घोंगडीसारखी चिकटते. जाळी पूर्ण बंद होती. स्क्रू गंजलेले. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (उष्णता जाळीकडे नेणारा लेप) वाळून खडूसारखी झालेली. सगळं सुटं करून ब्रश आणि ब्लोअरने साफ केलं, नवी पेस्ट लावली. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका, बेअरिंग खराब होतं. रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात शाळेतल्या खोडरबरने हलके पुसले, कण झटकले, परत बसवली. तापमान साठ-पासष्टवर आलं.

आणि एक, किनाऱ्याजवळच्या सगळ्यांसाठी. पावसाळ्यात संगणक आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नका. रोज थोडा वेळ तरी चालू ठेवा, आतल्या उबेने दमटपणा जातो. आणि खिडकीखालचं टेबल हलवा. आमच्या हिला ते अजून पटलेलं नाही, पडद्यांची शोभा जाते म्हणते.

काणकोण

थोडक्यात. रजिस्ट्री (विंडोजची सेटिंगांची नोंदवही) साफ करणारी, रॅम 'मोकळी' करणारी सॉफ्टवेअरं काढून टाकली आणि टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमधलं अनावश्यक सगळं बंद केलं. एवढ्यावरच भागलं. रॅम मोकळी करणारी मंडळी तर मेमरीतला माल डिस्कवर ढकलतात, मग तोच परत आणताना आणखी वेळ जातो. दोन अँटिव्हायरसही एकत्र होते, एकमेकांच्या फायली तपासत बसायचे. एक उडवला.

पेडणे, नाटकवाला

माझा किस्सा वेगळा आहे, कुणाच्या उपयोगी पडला तर बघा. आमच्या हौशी मंडळाचं पार्श्वसंगीत माझ्या लॅपटॉपवरून वाजतं. जत्रेच्या आधी तालमीत तो असा काही रखडायला लागला की वाद्यवृंदाचा तुकडा वाजायच्या आत पात्र विंगेत परतलेलं. एसएसडी आधीच होती. रॅम आठ. धूळ नाही. ताप नाही. विंडोज नव्याने टाकून झालं, तरी तेच.

मग टास्क मॅनेजरच्या सीपीयू पानावर लक्ष गेलं. वेग ०.७९ गिगाहर्ट्झ, आणि काही केल्या हलत नाही. बॅटरीवर लावला की दोनच्या वर. चार्जर जोडला की पुन्हा ०.७९!

चार्जर डुप्लिकेट होता. काही लॅपटॉपच्या चार्जरच्या तोंडात मध्ये एक बारीक पिन असते, तिच्यावरून लॅपटॉपला कळतं की चार्जर किती वॅटचा आहे. ती पिन वाकलेली असेल, तुटलेली असेल किंवा नकली चार्जरात ती ओळखच नसेल, तर लॅपटॉप सावध होतो, प्रोसेसरला सगळ्यात खालच्या वेगावर बांधून ठेवतो आणि बऱ्याचदा बॅटरीही भरत नाही. मूळ कंपनीचा चार्जर आणला आणि यंत्र त्याच क्षणी सरळ झालं. दुरुस्तीला न्याल तेव्हा स्वतःचा चार्जर बरोबर न्या. दुकानात ते त्यांचा लावतात, तिथे सगळं उत्तम चालतं, आणि आपण वेड्यात निघतो.

प्रयोगाच्या रात्री इंटरनेटही बंद ठेवतो. अपडेटला रंगभूमीचा मान राखायची सवय नाही.

फोंडा, धागाकर्ता

पेडणेकर, हे माझ्या स्वप्नातही आलं नसतं. असेच अनुभव हवेत.

चोडण

आमच्याकडे संगणक निर्दोष सुटला. आजोबांच्या वेळचं घर, हातभर जाड चिऱ्याच्या भिंती. राउटर ओसरीवर, लॅपटॉप आतल्या खोलीत. जुन्या लॅपटॉपचं वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचं, म्हणजे भिंतीतून त्यातल्या त्यात बरं जाणारं, तरी दोन भिंती ओलांडेपर्यंत त्याचा जीव जायचा. ओळखायची युक्ती अशी: डिस्कवर साठवलेला व्हिडिओ लावून बघा. तो सरळ चालला आणि फक्त संकेतस्थळं रखडली, तर यंत्राला दोष देऊ नका. आम्ही वाशांच्या कडेने लॅनची केबल ओढली. बाबा म्हणाले घराची शोभा गेली. (वास्कोच्या काकूंशी त्यांची गाठ घालून द्यायला हवी.)

केपे, देवस्थानच्या हिशेबाचं काम बघतो

आमचा संगणक मुद्दामच जुना ठेवलाय. विंडोज ७, तेही ३२ बिट. त्याची मदत १४ जानेवारी २०२० लाच संपली हे ठाऊक आहे. पण महाजनांच्या याद्या, पावत्या, जुनी इतिवृत्तं, सगळं युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये आहे. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर ती फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो, आणि ते फॉन्ट देणारं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चढत नाही.

आम्ही काय केलं: इंटरनेटची केबल काढली, कायमची. त्यामुळे अँटिव्हायरसचं ओझंही गेलं. रॅम कुणीतरी हौसेने आठ जीबी करून दिली होती. ३२ बिटची ही विंडोज चारच्या पुढे बघतच नाही, त्यातलीही सव्वातीन-साडेतीनच वापरात येते. ती काढून दुसरीकडे दिली. एसएसडी घातली. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगांत) डिस्क आयडीई या जुन्या पद्धतीवर होती, ती एएचसीआय या नव्या पद्धतीवर नेली. विंडोज ७ मध्ये ही सेटिंग नुसती बदलली तर निळा पडदा येतो, आधी विंडोजच्या आत तिचा ड्रायव्हर सुरू करून घ्यावा लागतो. जाणकाराकडूनच करून घ्या.

जुनी इतिवृत्तं थोडी थोडी करून युनिकोडमध्ये नेण्याचं काम चालू आहे. त्यासाठी परिवर्तक मिळतात, पण रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास इकडची तिकडे होते, त्यामुळे प्रत्येक पान डोळ्यांखालून घालावं लागतं. वेग वाढवण्यापेक्षा हे काम मला अधिक निकडीचं वाटतं. संगणक उद्या बंद पडला तर नवा आणू, इतिवृत्त कुठून आणणार?

सांगे

केप्यांच्या शेवटच्या वाक्याला जोडून. आमच्याकडे डिस्क नुसती शंभरावर नव्हती, ती मरत होती. फोल्डर उघडताना अडकायची, मधूनच टक-टक आवाज. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो लावलं तर पिवळा इशारा: खराब झालेली क्षेत्रं बाजूला काढून त्यांची कामं राखीव क्षेत्रांना देणं चालू होतं, आणि तो आकडा दर काही दिवसांनी वाढत होता.

अशा डिस्कवर डीफ्रॅग (फायलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं) चालवू नका, वेग वाढवायच्या नादी लागू नका. आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवा. मुलांचे बारशापासूनचे फोटो त्यावर होते. बहुतेक सगळे निघाले.

आमच्या बाजूला पावसात वीज सारखी येते-जाते. चालत्या हार्ड डिस्कला असं धाडकन बंद होणं सोसत नाही. यूपीएस होता, पण त्याची बॅटरी कधीच संपलेली. तोही तपासा.

मडगाव, अभियांत्रिकीचा विद्यार्थी

बाबांचा संगणक कोअर टू ड्युओ या जुन्या प्रोसेसरचा, चार जीबी रॅम. दुरुस्तीवाल्याने एकदा बघून हात जोडले, 'पात्रांव, हाका आतां विश्रांती दी.' (मालक, याला आता विश्रांती द्या.) मी त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट या फुकट प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकली. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, म्हणजे बाबांची चिंता मिटली. मराठीसाठी इनस्क्रिप्टचा कळफलक त्यात असतोच, शिवाय कगप नावाचा उच्चारानुसारी कळफलकही आहे.

अडलं ते यूट्यूबवर. बाबांना सकाळी भजन लागतं, आणि बुवांचा आवाज पुढे, तोंड मागे. यूट्यूब हल्ली व्हिडिओ व्हीपी-९ किंवा एव्ही-१ पद्धतीने पाठवतं. ते उलगडायला जुन्या प्रोसेसरला फार कष्ट पडतात. एच-२६४-इफाय नावाचं छोटं एक्स्टेन्शन ब्राउझरला एच-२६४ च मागायला लावतं, ते बरंच हलकं असतं. त्यावर ७२० ठेवलं की बुवा तालात.

कुडचडे

सगळ्यांचं वाचलं. माझं मत उलटं आहे, राग मानू नका. सरकारच्या सायबरएज योजनेतून बारावीत मिळालेला संगणक मी वर्षानुवर्षं असाच जगवत राहिलो. भाग बदलण्यात गेलेल्या पैशांत ऑफिसातून निघालेला आठव्या पिढीचा वापरलेला डेस्कटॉप आला असता. आता तोच आणलाय. टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आहे, विंडोज ११ नियमाप्रमाणे चढलं. बोर्डच डीडीआर-२ या जुन्या रॅमचा असेल तर त्यात जीव ओतू नका. जुना देऊन टाकताना हार्ड डिस्क मात्र काढून ठेवा.

फोंडा, धागाकर्ता

राग कसला? डीडीआर-२ बद्दल मी तुमच्याच बाजूचा आहे.

म्हापसा

आईचा लॅपटॉप, चौथ्या पिढीचा आय-५, विंडोज १०, एसएसडी आहे, चालतो ठीक. ११ चढत नाही म्हणतो. तिला बँक आणि वीजबिल एवढंच लागतं. टाकून द्यायचा का?

फोंडा, धागाकर्ता

मुळीच नको. इंटेलमध्ये ११ साठी साधारण आठव्या पिढीपासून पुढचं लागतं, म्हणून तो नाही म्हणतोय. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करता येते, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. बँकेचं काम होतं म्हणून ती कराच. पुढे मडगावच्या मुलासारखं मिंट. ते टाकून न घेताही पेन ड्राइव्हवरून चालवून बघता येतं. एका रविवारी तसं चालवा आणि आईंचा प्रिंटर आणि वायफाय ओळखतो का ते बघा, मग ठरवा.