आईचं मनगट मोडलं. आता तिचे पाय आणि माझी हाडं कशी सांभाळू? मदत हवी आहे

गॅलरीतली

नमस्कार मंडळी,

आषाढी एकादशीच्या सकाळी आई घरातच पडली. न्हाणीघरातून बाहेर येताना ओल्या फरशीवर पाय सरकला, सावरायला तिने उजवा हात पुढे टेकला आणि मनगट मोडलं. वय ७६. सहा आठवडे प्लॅस्टर होतं, ते आता निघालंय. हाडांच्या घनतेची तपासणी, डेक्सा स्कॅन, तीही केली. मणक्याचा आकडा उणे २.८ आणि खुब्याचा उणे २.१ आला. डॉक्टरांनी औषध सुरू केलंय, त्याबद्दल माझी काही शंका नाही. प्रश्न वेगळाच आहे.

स्कॅनचा कागद बघून झाल्यावर डॉक्टर आईला म्हणाले, "आजी, हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठून दाखवा." आईला उठता आलं नाही. दोनदा पुढे झुकली आणि परत खाली बसली. माझ्याकडे बघून ओशाळं हसली. ते हसू काही केल्या डोळ्यांसमोरून जात नाही.

ही बाई लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर पन्नास वर्षं राहिली. पहाटे साडेचारला नळाला पाणी यायचं, ते भरायला उठायची. संडास गॅलरीच्या टोकाला. दळण, भाजी, मासळी, सगळ्यासाठी दिवसातून चार-पाच वेळा तीन मजले खाली-वर. जेवण जमिनीवर, अंथरूण जमिनीवर. व्यायाम हा शब्द तिच्या तोंडी कधी आला नाही, कारण तशी गरजच नव्हती. सात वर्षांपूर्वी चाळीचा पुनर्विकास झाला आणि आम्ही चौदाव्या मजल्यावर आलो. पेढे वाटले. घरात संडास, लिफ्ट, चोवीस तास पाणी. "आई, आता तू बस," असं मी तिला म्हटलं. मनापासून म्हटलं, आणि तीही बसली. पलंग, सोफा, डायनिंग टेबल, परत पलंग. भाजी मोबाइलवरून येते. समोर दुसरा टॉवर, त्यामुळे ऊन सकाळी अर्धा तास, तेही काचेतून.

मंडळी, पन्नास वर्षांत जे पाय थकले नाहीत ते सात वर्षांच्या आरामात गेले. त्या पायांचा आराम मीच विकत घेतला होता.

आता माझ्याबद्दल. वय ५१, पाळी जाऊन दोन वर्षं झाली. फोर्टात ऑफिस, आठ तास खुर्ची. करी रोडचा पूल चढताना गुडघे कटकट वाजतात. आईच्या आईचा खुबा मोडला होता आणि ती त्या अंथरुणातून परत उठली नाही, म्हणजे हे आमच्या घरातच आहे. थायरॉईडची गोळी सुरू आहे. कॅल्शियमच्या गोळ्या अधूनमधून आणते, अर्ध्या संपल्या की विसरते.

आईच्या पायांत परत ताकद येऊ शकते का, या वयात? घरच्या घरी काय करून घेऊ? तिच्या मनात पडण्याची भीती इतकी बसलीय की भिंत धरल्याशिवाय चालत नाही. आणि मी आत्तापासून काय धरू, काय सोडू? रोज अर्धा तास चालते, तेवढं पुरतं का? खाण्यात काय बदलू? अनुभव असणाऱ्यांनी जरूर लिहा.

निवृत्त फिजिओ

आईंना नमस्कार सांगा. मी महापालिकेच्या रुग्णालयात तीस वर्षं हेच काम केलं. चाळीतून टॉवरमध्ये आल्यावर ढासळलेल्या आज्या मी इतक्या पाहिल्यात की तुमचं पत्र वाचताना प्रत्येकीचा चेहरा आठवला.

पहिलं उत्तर हो. ताकद येते. ऐंशी पार केलेल्यांचे स्नायूही व्यायामाला दाद देतात, फक्त हळूहळू.

उणे २.५ किंवा त्याखाली आकडा गेला की त्याला ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होणं, म्हणतात आणि उणे १ ते उणे २.५ या पट्ट्यात हाड विरळ होऊ लागलेलं असतं. औषध हवंच, ते बंद करू नका. पण नुसत्या आकड्याने मनगट किंवा खुबा सहसा मोडत नाही, माणूस पडतं तेव्हा मोडतो. आणि माणूस पडतं ते बहुतेक वेळा मांड्या कमजोर झाल्यामुळे, तोल गेल्यामुळे. म्हणून तुमच्या डॉक्टरांनी खुर्चीची परीक्षा घेतली ते फार योग्य केलं.

तीच खुर्ची आता औषध समजा. लाकडी, बिनचाकांची, पाठ भिंतीला टेकलेली. तिच्यावर गोधडीच्या चार-पाच घड्या घाला, म्हणजे बैठक उंच होईल. त्या उंचीवरून हात न लावता उठता येतं का बघा. पाय थोडे मागे, छाती पुढे, मग उठायचं. बसताना धपकन नाही, सावकाश. पाच वेळा, थोडी विश्रांती, परत पाच. तुम्ही शेजारी उभ्या राहा. दोन फेऱ्या सहज व्हायला लागल्या की एक घडी कमी करायची. घड्या संपतील तेव्हा त्या साध्या खुर्चीतून उठत असतील. पुढे घड्याळ लावा. पाच वेळा उठबस करायला १२ सेकंद किंवा जास्त लागत असतील तर अजून काम बाकी आहे असं समजायचं.

दुसरं ओट्यापाशी. दोन्ही हात ओट्यावर, टाचा उचलायच्या, हळू खाली. मग एक पाय जरासा उचलून दहा सेकंद, आधी दोन हातांनी धरून, नंतर एका हाताने, नंतर नुसती बोटं टेकून. भीती अशीच जाते. "घाबरू नकोस" म्हणून ती जात नाही, बोटांचा आधार कमी होत जातो तशी जाते. ६५ च्या पुढच्यांनी तोल आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस करावेत असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

जिना हवाच, पण चौदा मजले नकोत. लिफ्टने तेराव्यावर जा आणि एक मजला कठडा धरून चढून घरी या. उतरायला सध्या लिफ्टच, कारण पडणं उतरताना जास्त होतं.

एक मनाई नीट लक्षात ठेवा. मणक्याचा आकडा उणे २.८ आहे, त्यामुळे कमरेतून पुढे वाकणं बंद. पायाचे अंगठे धरणं, पश्चिमोत्तानासन, वाकून भरलेली बादली उचलणं, यातलं काहीही नाही. टीव्हीवर बघून योगासनं करणाऱ्या कितीतरी बायका पाठ धरून आमच्याकडे यायच्या.

हे सगळं सुरू करण्याआधी एकदा प्रत्यक्ष दाखवून घ्या. तुम्हाला केईएम रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे, तिथे फिजिओथेरपीचा विभाग आहे. हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, ती केंद्र सरकारची. प्लॅस्टर निघालेल्या मनगटाचे व्यायामही तिथेच शिकून घ्या. नाहीतर हात आखडून बसतो आणि मग वेणी घालायलाही माणूस लागतं.

आता तुमच्यासाठी. पाळी गेल्यावर पहिल्या पाच-सात वर्षांत हाड सगळ्यात वेगाने झिजतं, म्हणजे तुमचा काळ हाच. चालणं सोडू नका, पण तेवढ्याने भागत नाही. हाडाला भार लागतो, भार पडला की ते स्वतःला बांधतं. अंतराळवीरांच्या खुब्याचं हाड तिथे महिन्याला एक टक्क्याच्या आसपास कमी होतं, ते केवळ भार नाही म्हणून. आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे व्यायाम करा. खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात टेकून दंड, दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्या घेऊन वर-खाली. सोपं वाटू लागलं की वजन वाढवा. करी रोडचा पूल टाळू नका. गुडघा नुसता वाजतोय, दुखत किंवा सुजत नाहीये, तर तो आजार नव्हे. दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत शमलं, तर व्यायाम झेपला. नाही शमलं, तर थोडा कमी करा.

ओट्यापाशी

फिजिओताईंनी व्यायामाचं सगळं सांगितलंच आहे, मी खाण्याचं सांगते. माझ्या सासूबाईंना हेच झालं होतं.

कॅल्शियम मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम लागतं, पाळी गेलेल्या बाईला १२००. एका पेल्यात, २०० मिली दुधात, साधारण २४० मिळतं. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे एका भाकरीत दोनशे धरा. तीळ तर खजिनाच, एक मोठा चमचा तिळात शंभरच्या वर. आपल्याकडे मांदेली काट्यासकट खातात, सुकट, जवळा, हे सगळं हाडांचं खाणं आहे. शाकाहारी असाल तर दही आणि शेवग्याचा पाला. पालकावर मात्र विसंबू नका. त्यात कॅल्शियम दिसतं खरं, पण त्यातल्याच ऑक्झलेट नावाच्या घटकामुळे ते अंगी फार कमी लागतं.

माझ्या मते आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बायकांचा खरा उपास प्रथिनांचा असतो. रात्री "मला काही नको ग" म्हणून चहा-चपाती. नुसत्या चपातीवर स्नायू कसे धरतील? सासूबाईंना मी दोन्ही वेळच्या जेवणात घट्ट वरण किंवा उसळ आणि वाटीभर दही ठरवून द्यायला लागले. अंडं त्या खात नव्हत्या, तुमच्याकडे चालत असेल तर उत्तम.

तुमच्या थायरॉईडच्या गोळीचं जपा. ती आणि कॅल्शियम यात चार तासांचं अंतर हवं, एकत्र घेतलं तर थायरॉईडची गोळी नीट लागू होत नाही. मला हे दोन वर्षांनी कळलं.

आणि उन्हाचं. काचेतून येणाऱ्या उन्हाने ड जीवनसत्त्व मिळत नाही. ते ज्या किरणांनी तयार होतं ते काच अडवते. आईला गच्चीवर किंवा खाली पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या मोकळ्या मजल्यावर न्या. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल ती वेळ कामाची. हात आणि पोटऱ्या उघड्या, थोडा वेळ पुरे.

ठाणेकर

माझे वडील दोनदा पडले, म्हणून थोडक्यात लिहितो. न्हाणीघरात भिंतीत पक्का बसवलेला दांडा लावा. टॉवेल अडकवायचा दांडा धरून बाबा पडले होते, दांड्यासकट. दारातलं सैल पायपुसणं काढा, रात्री वाटेत मंद दिवा ठेवा, घरातही मागून पट्टा असलेली, न घसरणारी चप्पल. पावसाळ्यात ओली छत्री दाराबाहेरच. डोळे तपासून घ्या, बाबांना मोतीबिंदू होता आणि पायरीची कडच दिसत नव्हती. रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर उठल्यावर चक्कर येते का, हे डॉक्टरांना विचारा. पलंगावरून उठून एकदम चालायचं नाही, मिनिटभर पलंगाच्या कडेला बसायचं.

ड जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटच्या पुड्या आमच्या शेजारी एक काका स्वतःच्या मनाने महिनोन्महिने घेत होते. रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर आलं. डॉक्टर सांगतील तितकेच आठवडे घ्या.

गिरगावची सून

तेलाने मालिश केली तर हाड मजबूत होतं का? आमच्याकडे रोज करतात.

निवृत्त फिजिओ

मालिशने बरं वाटतं, आखडलेले स्नायू सैल होतात, झोप चांगली लागते. हाड मात्र त्याने बांधलं जात नाही. मालिश जरूर करा, उठबस झाल्यावर करा. आणि तेलकट पायांनी फरशीवर चालू देऊ नका.

गॅलरीतली

सगळ्यांचे मनापासून आभार. पाच आठवड्यांनी लिहितेय.

केईएमला जाऊन व्यायाम शिकून आलो. गोधडीच्या पाच घड्यांपासून सुरुवात केली होती, आज दोन उरल्यात. पहिला आठवडा आई करायलाच तयार नव्हती, "मेल्या खुर्चीवर उठबस काय करायची" म्हणायची. मग नवव्या मजल्यावरच्या, आमच्या जुन्या गॅलरीतल्याच एक काकू यायला लागल्या. आता दोघी समोरासमोर खुर्च्या मांडतात, मोजणी चालते आणि एकीची चूक दुसरी काढते. पावणेअकराला दोघी पोडियमवर उन्हात जातात. गप्पांचा आवाज चाळीत होता तेवढाच आहे. तेराव्यावरून चौदाव्यावर रोज चढते. परवा लिफ्टवाल्याला स्वतःच म्हणाली, "तेरा दाब."

न्हाणीघरात दांडा बसवला. माझी थायरॉईडची गोळी सकाळी, कॅल्शियम जेवणानंतर. बाटल्या दीड लिटरच्या झाल्या.

फिजिओताई, एकच विचारायचं आहे. दिवाळी आलीय आणि आईला चकल्या तिच्याच हातच्या हव्यात. सोऱ्या फिरवायचा आहे. उजव्या मनगटाला झेपेल का? मी नाही म्हटलं तर ती ऐकणार नाही, तुमचं नाव सांगितलं तर ऐकेल.

निवृत्त फिजिओ

सोऱ्या या वर्षी तुम्ही फिरवा. घट्ट पिठाला जोर आणि पीळ दोन्ही लागतात, ते त्या मनगटाला अजून नको. भाजणी मात्र त्यांनाच मळू द्या, थोडी थोडी, कोमट पाण्यात सैलसर भिजवून, दुखलं की थांबायचं. आखडलेल्या बोटांना याहून चांगला व्यायाम मी रुग्णालयातही दिला नसता. मळताना टेबलाशी उभं राहायचं, जमिनीवर वाकून नाही. आणि दोन घड्यांची एक झाली की कळवा.