ख्रिस्ती आहे, होतो, झालो, झालो नाही : आपापलं कारण सांगा (अनुभव धागा)

पुण्याच्या गुरुवार पेठेत, पंचहौद चर्चच्या घंटेच्या आवाजात मी लहानाची मोठी झाले. घर मूळ नगरकडचं. भाजीत शेंगदाण्याचं कूट, नाताळात करंज्या, चकल्या, शंकरपाळे, दारात कागदी चांदणी. तरी मागच्या आठवड्यात ऑफिसातल्या एका ताईंनी डबा उघडता उघडता विचारलं, "तुम्ही ख्रिश्चन कधी झालात?" पणजोबा झाले, मी जन्मले, असं सांगितलं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण घरी येताना जाणवलं की "कधी"चं उत्तर मला पाठ आहे, "का"चं मी आजवर कोणालाच दिलेलं नाही.

पुण्यात हा "का" मोकळेपणाने निघत नाही. १८९० साली आमच्याच पंचहौद मिशनात लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे अशी मंडळी जमली आणि तिथे ख्रिस्त्यांकडचा चहा घेतला यावरून गोष्ट प्रायश्चित्तापर्यंत गेली. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांचं म्हणणं ऐकून घ्यायला फार थोडे तयार होते. आजही कोणी ख्रिस्ती झालं की बाहेरचे विचारतात, "किती मिळाले?" कोणी सोडलं की आमच्यातले म्हणतात, "भरकटली." माणसाचं स्वतःचं कारण दोन्हीकडे कोणाला नको असतं. मला ते हवंय.

म्हणून लिहा. ख्रिस्ती असाल, नसाल, झाला असाल, सोडलं असेल, उंबऱ्यापर्यंत जाऊन परत आला असाल, तरी लिहा. दुसऱ्याचं कारण खोडायचं नाही, एवढी एकच अट. मंडळीचं (म्हणजे चर्चचं), पाळकांचं, फादरांचं नाव घालू नका.

माझं आधी सांगते.

बाबा गेल्यावर त्यांचं कपाट आवरताना पवित्र शास्त्र हातात आलं. काळ्या रेक्झिनचं कव्हर, पाठीला चिकटपट्टी. प्रत्येक अध्यायाच्या शेवटी बारीक पेन्सिलीने तारीख घातलेली. काही अध्यायांशी पाच-पाच, सहा-सहा तारखा, म्हणजे तितक्या वेळा सगळं वाचून झालेलं. माझा धाकटा भाऊ १९९४ च्या जुलैत काविळीने गेला, नऊ वर्षांचा होता. मी ते वर्ष शोधत गेले. ईयोबाच्या तिसऱ्या अध्यायाशी तो गेला त्याच्या आदल्या दिवसाची तारीख होती. त्यानंतर काहीच नाही. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर कोरे. मग १ डिसेंबर, आणि तीसुद्धा पुन्हा तिसऱ्याच अध्यायाशी, पहिल्या तारखेच्या खाली. चौथ्याशी २ डिसेंबर. तिथून पुढे रोज.

तिसरा अध्याय म्हणजे ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो तो. बाबा त्या पाच महिन्यांत दर रविवारी आमच्याबरोबर उपासनेला येत होते. गीत सुरू झालं की उभे राहायचे, पण तोंड उघडायचे नाहीत, हे मला आठवतं. तेव्हा वाटायचं घसा बसलाय. पुन्हा पुस्तक उघडलं तेव्हा त्यांनी पुढचं पान घेतलं नाही, जिथे थांबले होते तेच घेतलं. मी ख्रिस्ती आहे ती त्या कोऱ्या पाच महिन्यांमुळे आणि त्या दुसऱ्या तारखेमुळे. देवाला इतकं तोंडावर बोललेलं ज्या शास्त्रात राखून ठेवलंय, तिथे मला राहता येतं. भाऊ का गेला याचं उत्तर ना बाबांना मिळालं, ना मला.

शनिवारकर

मी उलट्या बाजूने आलो. कोकणस्थ घर, मुंज झालेली, संध्या येते. पस्तिसाव्या वर्षी कॅथलिक झालो.

एका सहकाऱ्याबरोबर पवित्र गुरुवारी कॅम्पातल्या चर्चमध्ये गेलो होतो, सहज. त्या संध्याकाळी फादर बारा जणांचे पाय धुतात, येशूने शिष्यांचे धुतले म्हणून. फादर सत्तरीच्या पुढचे. गुडघे जात नव्हते, प्रत्येक माणसापाशी खुर्चीचा हात धरून खाली बसत होते आणि तसेच उठत होते. चौथा की पाचवा माणूस बांधकामावरचा होता. टाचेच्या भेगांत सिमेंट बसलेलं, धुऊनही निघत नव्हतं. फादरांनी पाय पुसला आणि वाकून त्याचं चुंबन घेतलं. तो माणूस लाजेने पाय मागे ओढत होता.

आमच्याकडेही पाय धुतात. जावयाचे, श्राद्धाला गुरुजींचे. धुणारा लहान आणि धुऊन घेणारा मोठा, हे इतकं अंगात मुरलेलं की त्याला दुसरी बाजू असेल हे डोक्यात आलंच नव्हतं. इथे देव खाली बसला होता. मी दोन वर्षं त्या एका दृश्याशी भांडलो. मग जवळजवळ वर्षभर दर आठवड्याला शिकवणीला गेलो. घाई कोणीच केली नाही. फादरांनीच दोनदा परत पाठवलं, "आईशी बोलून ये."

आईने एकच विचारलं, "यांचं श्राद्ध कोण करणार?" धाकटा भाऊ करतो. मी त्या दिवशी पानं मांडतो, वाढतो, शेवटच्या पंगतीला बसतो. २ नोव्हेंबरला बाबांसाठी मेणबत्ती लावतो. ईस्टरच्या आदल्या रात्री माझा बाप्तिस्मा झाला. आई आली नाही. सकाळी फोन करून "जेवलास का" म्हणाली. सात वर्षं झाली, त्या विषयावर तेवढंच बोलणं झालंय.

पैशाचं विचारलंत म्हणून सांगतो. मिळाले नाहीत. कोणी विचारलं की फार लागतं.

येरवडा, रिक्षा

मुलीने टाइप केलंय, मी सांगतोय. मी दारू सोडली नाही, माझी सुटली. सोडायला मी चार वेळा गेलो होतो. शपथा घातल्या, माळ घातली, गोळ्या घेतल्या. शेजारच्या प्रार्थनेच्या घरी बायको जायची, मी तिला मारून आणायचो. एकदा आणायला गेलो आणि दारातच बसलो. ते लोक माझ्यासाठीच प्रार्थना करत होते, नाव घेऊन, बायको रडत होती. कोणी मला वाईट बोललं नाही. त्या दिवसापासून अकरा वर्षं. डॉक्टर काय म्हणतील ते म्हणोत. मला बाकीचं शास्त्र येत नाही. बायकोच्या हातावरचा डाग अजून आहे, तो मी रोज बघतो.

बिबवेवाडी

वरच्या दादांचं वाचून आनंद वाटला, खरंच. माझं नेमकं उलटं झालंय, तेही असू द्या. आई अशाच एका घरगुती सभेत जायची. तिथल्या पास्टरांनी सांगितलं, विश्वास असेल तर इन्सुलिन कशाला? आईने बंद केलं. आम्हाला कळेपर्यंत नऊ दिवस गेले होते. आयसीयूतून परत आली, पण एक डोळा गेला तो गेला. आई आजही जाते, दुसऱ्या मंडळीत, इन्सुलिन घेऊन. मी जात नाही. देवावर राग नाही माझा. "विश्वास कमी पडला" हे वाक्य परत कानावर पडायला नको, म्हणून जात नाही.

दापोडी

कागदाचं कोणी बोललं नाही म्हणून मी बोलतो.

आजोबा श्रीरामपूरकडचे, पूर्वीचे महार. ते ख्रिस्ती झाले. त्यांचे सख्खे भाऊ १९५६ नंतर बौद्ध झाले. दोघांनी सोडलं ते एकच होतं. पण १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात सुरुवातीला काही शीख जाती सोडल्या तर फक्त हिंदू होते, १९५६ ला बाकीचे दलित शीख आले, १९९० ला बौद्ध आले, ख्रिस्ती आजपर्यंत बाहेर आहेत. म्हणून चुलतभावाकडे अनुसूचित जातीचा दाखला आहे, माझ्याकडे नाही. गाव एक, आडनाव एक, गावात बघणारी नजर एक. बारावीनंतर प्रवेशाच्या फॉर्मवर धर्माच्या रकान्याशी माझा हात थांबला होता. ओळखीच्या बऱ्याच घरांत कागदावर एक आणि रविवारी एक असं आहे. त्यांना मी नावं ठेवत नाही, पोटाचा प्रश्न आहे. बाबा म्हणाले, तुझं तू ठरव. मी खरं लिहिलं. कॉलेज दुसरं मिळालं.

आणि चर्चमध्ये जातपात नसते असंही समजू नका. बहिणीच्या स्थळांच्या वेळी पाळकांच्या ओळखीतल्याच घरातून प्रश्न आला, "पूर्वीचे कोण?" तीन पिढ्यांनंतरही!

मग का राहिलो? आजीमुळे. तिला लहानपणी गावात पाणी वरून ओतायचे, ती खाली ओंजळ धरायची, भांड्याला हात लागता कामा नये. पहिल्या प्रभुभोजनाला, म्हणजे उपासनेत सगळे भाकर आणि एकाच प्याल्यातला द्राक्षरस घेतात तेव्हा, पाळकसाहेबांनी प्याला पुढे केला तर तिने सवयीने ओंजळ धरली. त्यांनी मान हलवली आणि प्याला तिच्या ओठांना लावला. तिच्या आधी त्यातून मिशनची मडम प्यायली होती, तिच्यानंतर शाळामास्तर प्याले. हे सांगताना आजी हात पुढे करून ती ओंजळ करून दाखवायची आणि मग एकेक बोट उघडायची. मी आजही प्याल्यापाशी गेलो की आधी माझे हात बघतो. बाबासाहेबांची वाट चुलतभावांची आहे, तिचा मला अभिमान आहे, १४ ऑक्टोबरला मी त्यांच्याबरोबर असतो. पण तो प्याला माझ्या घरात आला होता. तो मी ठेवून देऊ शकत नाही.

कोथरूड

कॅम्पातल्या शाळेत दहा वर्षं सिस्टरांच्या हाताखाली शिकले. गायनवृंदात होते. येशू मला आवडतो, असं लिहितानाही अवघडल्यासारखं होतं इतका आवडतो. ख्रिस्ती झाले नाही, कारण "तोच एक मार्ग" इथे माझं पाऊल अडतं. आजोबा बेचाळीस वर्षं आळंदीहून पंढरपूरला चालत गेले. त्यांना मी कोणत्या तोंडाने सांगू की तुमची वाट पोचत नाही? पालखी पुण्यात मुक्कामाला असते त्या रात्री आमच्याकडे वारकरी उतरतात, त्यांच्या पायांना तेल लावायचं काम माझं. शनिवारकरांचं वाचल्यावर बराच वेळ काही सुचलं नाही.

दोघे, औंध

ती कॅथलिक, मी नास्तिक. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने लग्न, तीस दिवसांची नोटीस लावून. ती बदलली नाही, मीही नाही. एकच गोष्ट बोलायची राहिली होती, मेल्यावर काय? तिला वाटत होतं मी वैकुंठ स्मशानात आणि ती दफनभूमीत, म्हणजे वेगवेगळे. मग तिच्याच फादरांकडून कळलं की त्यांच्याकडे १९६३ पासून दहनाला परवानगी आहे. त्या संध्याकाळी ती खूप मोकळी हसली. मला विश्वास नाही, पण तिला तो आहे याची मला काळजी घ्यावीशी वाटते. रविवारी सकाळी गाडी मी काढतो आणि बाहेर थांबतो.

वडगाव शेरी

चार दिवस लिहून पुसतेय.

वसईचं कॅथलिक घर, लग्नानंतर पुणे. २००३ साली मला सातव्या महिन्यात मुलगी झाली. अकरा तास होती. काचेच्या पेटीत, छातीवर नळ्या, माझ्या करंगळीला तिची मूठ पुरत नव्हती. फादरांना निरोप गेला होता, ते पोचायच्या आत गेली. नंतर एक वयस्कर फादर घरी आले. म्हणाले, बाप्तिस्मा राहून गेला, खरं तर अडीअडचणीला कोणीही पाणी घालू शकतं, तुम्ही घालायचं होतं. त्यांना टोचायचं नव्हतं, हे मला आज कळतं. पण मला हे कोणी कधी शिकवलंच नव्हतं. पाण्याची बाटली माझ्या हातात होती, अकरा तास. मी तिच्यातून घोट घोट पीत होते.

२००७ साली व्हॅटिकनच्या धर्मपंडितांच्या आयोगाने लिहिलं की बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांच्या तारणाची आशा धरायला सबळ कारण आहे. नवऱ्याने कागद छापून आणला, माझ्यापुढे ठेवला. मी वाचला आणि घडी घालून परत दिला. चार वर्षं मी जे रात्री छताकडे बघत भोगलं, ते त्या कागदात कुठेच नव्हतं. त्यानंतर मी मिस्सेला, चर्चमधल्या उपासनेला, गेले नाही. कोणी विचारलं तर "वेळ होत नाही" म्हणते. खरं कारण आज पहिल्यांदा लिहिलं.

धागाकर्ती

वडगाव शेरीच्या ताई, तुमचं वाचल्यावर बाबांचं पुस्तक काढून बसले होते. परत या, असं मी म्हणणार नाही. फक्त एक विचारते, नको असेल तर उत्तर देऊ नका. बाळाचं नाव ठेवलं होतं का?

वडगाव शेरी

ठेवलं होतं. नवऱ्याने पेटीवरच्या पट्टीवर लिहायला लावलं होतं, नर्सने लिहिलं. इथे लिहीत नाही. तुमचा नंबर पाठवा, फोनवर सांगते.