वेर्दीने न लिहिलेला तार षड्ज: गावा की गाळावा?

खर्जप्रेमी: ७ डिसेंबर २०००, मिलानचं ला स्काला ऑपेरागृह. इटालियन संगीतकार वेर्दीचा ऑपेरा 'इल त्रोवातोरे'. आईला चितेवर चढवताहेत हे कळताच नायक मानरिको पेटून 'दि क्वेल्ला पीरा' गातो. शेवटच्या 'आल्लार्मी'वर (म्हणजे 'शस्त्र घ्या!') तेनोर, म्हणजे उंच पट्टीचे पुरुष गायक, तार षड्ज लावतात, पण वेर्दीने तिथे पंचम लिहिलाय. संगीत संचालक रिक्कार्दो मूतीने लिहिलं तेच गाऊन घेतलं, तर वरच्या गॅलरीतल्या दर्दींनी गोंधळ घातला. मी मूतीच्या बाजूने.

तानबाज: साफ नामंजूर. इटालियन गायकी कागदावर मावली कधी? अठराव्या शतकातल्या 'दा कापो' आरियात (आरिया म्हणजे ऑपेरातलं एकल गाणं) पहिला भाग परत यायचा तोच मुळी गायकाने सजवावा म्हणून. संगीतकाराने आराखडा द्यायचा, जागा गायकाने घ्यायच्या.

खर्जप्रेमी: जागा? सगळे तोच सूर तिथेच लावतात, त्याला जागा म्हणायचं का पाठांतर? आणि तो भरल्या छातीने लावायची टूमही तशी नवीच. १८३१ मध्ये इटलीतल्या लुक्काला द्युप्रे या फ्रेंच तेनोरने लावला आणि ती चाल पडली. आधीचे तेनोर तिथे हलक्या आवाजात जायचे. आता तर कित्येक जण पट्टीच अर्ध्या सुराने उतरवून घेतात. मग कसली मर्दुमकी!

मागची_रांग: दोघेही एकाच सुरात अडकलात. माइक नाही, समोर अख्खा वाद्यवृंद, तरी शेवटच्या रांगेत शब्द कळतो, तो ओरडून नव्हे. कमावलेल्या आवाजात ३,००० हर्ट्झच्या आसपास एक धार येते, आणि तिथे वाद्यांचा जोर कमी असतो. तिला 'स्क्विल्लो' म्हणतात. खरी परीक्षा मात्र 'मेस्सा दी वोचे'त: एकाच श्वासात सूर बारीक सुरू करायचा, फुलवायचा, परत बारीक करायचा. वेर्दीच्याच 'आइदा' ऑपेरातल्या 'चेलेस्ते आइदा' या तेनोरच्या गाण्याचा शेवटचा सूर घ्या. वेर्दीने तो अगदी हळू, विरत जाणारा लिहिलाय. बहुतेक जण ठणठणीत लावून टाळ्या घेतात. न लिहिलेला सूर हवा आणि लिहिलेला नको, असा सगळा प्रकार! (तिथे गॅलरी ओरडल्याचं मी तरी ऐकलं नाही.)

खर्जप्रेमी: हेच तर म्हणतोय मी.

तानबाज: 'आइदा'चं कबूल. तिथे जोर लावणं म्हणजे आळस. पण 'त्रोवातोरे'ला आलेला माणूस तो सूर लागतो की फाटतो, यासाठीच श्वास रोखून बसलेला असतो. पंचमावर पडदा पडला तर मीही ओरडेन.