पिवळ्या टँगची पकड बंद झाली, तर अन्याय कुणावर?

कोनाकरीण: परवा इथे एकाने लिहिलं, ‘हवाईने पिवळ्या टँगची पकड बंद करून आम्हा समुद्री मासे पाळणाऱ्या टाकीवाल्यांवर अन्याय केला. शेवाळ खाणारा वीतभर मासा, समुद्रात लाखोंनी आहेत.’ वाचल्यापासून डोकं फिरलंय. मी नऊ वर्षं हवाई बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, कोनाला राहते. इथे कासवं येऊन माना ताणून थांबतात आणि हे टँग त्यांच्या पाठीवरचं शेवाळ टिपतात, पायांच्या बेचक्यातलंसुद्धा. खडकावरचंही तेच खरवडतात, म्हणून प्रवाळाला जागा मिळते. समुद्रात चाळिशी ओलांडू शकणारा हा मासा तुमच्या टाकीत किती वर्षं जगला, ते आधी सांगा.

खारंपाणी: लिहिणारा मीच. ताई, तुम्ही अर्धंच सांगताय. 1998 च्या कायद्यानंतर तुमच्या पश्चिम किनाऱ्याचा सुमारे 35 टक्के भाग पकडीला बंद झाला. तिथे टँग वाढले, मोजणीत दिसलं. म्हणजे राखीव पट्टे ठेवून धंदा चालू शकत होता. हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाचा 2017 चा निकालही ‘मासे संपले’ म्हणत नाही. पर्यावरणाचा आढावा घेतल्याशिवाय परवाने देऊ नका, एवढंच म्हणतो.

कोनाकरीण: निकाल वाचलाय मी. आढावा न घेता इतकी वर्षं परवाने वाटले, हेच तर माझं म्हणणं! आणि बंद पट्ट्यात वाढले म्हणजे बाहेर तुमच्यासाठी उपसा चालू होता.

ठाणेकर_रीफ: पकडीचं राहू द्या, मला दुकानदारांबद्दल बोलायचंय. 2014 साली तीन फुटी टाकीसाठी एकाने मला टँग गळ्यात मारला. ‘शेवाळ खाऊन राहतो, वेगळं काही घालू नका.’ दिवसभर काचेला लागून येरझाऱ्या. तिसऱ्या आठवड्यात पोट खपाटीला गेलं. रात्री दिवा मालवला की रंग उतरायचा, अंगावर आडवा पांढरा पट्टा उमटायचा. मी आजार समजून औषध ओतलं. झोपेत तो तसाच दिसतो, हे तो मेल्यावर कळलं.

लाइव्हरॉक: तीन फुटांत टँग? यात दुकानदार काय करणार? निदान सहा फूट लांबी हवी, घेण्याआधी वाचायचं ना.

ठाणेकर_रीफ: पहिलीच टाकी होती माझी. पैसे मोजून घेणाऱ्याने एकदा लांबी विचारायला काय झालं होतं?

खारंपाणी: लाइव्हरॉक, तुमच्या टाकीचे फोटो मी पाहिलेत. चार फुटी आहे, त्यात टँग आहे. सहा फुटांचा नियम फक्त दुसऱ्यांना?

लाइव्हरॉक: रोज नोरी, म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ, लावतो मी त्याला, सहा वर्षं ठणठणीत आहे. ... बरं, मोठी टाकी घेईपर्यंत म्हणून ठेवला होता. ती घेणं झालं नाही. चुकलंच.

कोनाकरीण: तुम्हा सगळ्यांचा छंद, आणि येरझाऱ्या त्याने घालायच्या! हे वाचताना मला खरंच त्रास होतोय.

खारंपाणी: ताई, सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका. 2015 मध्ये हवाईतल्याच ओआहू बेटावरच्या ओशनिक इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने याची पिल्लं टाकीत वाढवून दाखवली, आता तशी विकतही मिळतात. पुढचा टँग घेतला तर तसलाच घेईन, हे कबूल. राखीव पट्ट्यांबद्दल मात्र एक शब्द मागे घेणार नाही.

कोनाकरीण: मग निम्मं भांडण मिटलं. उरलेलं निम्मं मी सोडणार नाही.

ठाणेकर_रीफ: त्या दुकानात अजून जातो मी. पिवळ्या माशाकडे कुणी बोट दाखवलं की टाकीची लांबी विचारतो. मालक हाकलतो, तरी विचारतो.