मुखडा माझा, अंतरा मशीनचा. मग मला संगीतकार म्हणायचं का?

सूरवही

मी गिटार वाजवते आणि स्वतःची गाणी करते. शब्द माझे, चाल माझी, आवाज माझा. एक गाणं बरेच दिवस अडून बसलं होतं. मुखडा छान झाला होता, पण अंतरा काही केल्या सुचेना. शेवटी मुखडा फोनवर गुणगुणले, ती फाइल सुनो या गाणी बनवणाऱ्या एआय साधनात टाकली, अंतऱ्याचे शब्द दिले आणि 'संथ, गिटार, व्हायोलिन, स्त्रीचा आवाज' एवढंच लिहिलं. थोड्या वेळात दोन पूर्ण गाणी समोर. त्यातल्या एकाचा अंतरा मला फारच आवडला.

तो अंतरा मी नीट बसवला, स्वतः गायले, गिटार स्वतः वाजवली. व्हायोलिन मशीनचंच ठेवलं. मग मित्रमैत्रिणींना ऐकवलं. सगळ्यांना आवडलं, पण ज्याने त्याने कौतुक केलं ते अंतऱ्याचं. 'चाल वर जाते ना, तिथे अंगावर काटा येतो.' अंतरा कुठून आला हे मी सांगून टाकलं, तेव्हा आमच्या बँडचा ड्रमर म्हणाला, 'मग तू संगीतकार कसली? तू फक्त ऑर्डर दिलीस.'

मला हे फार लागलं. लोक तयार लूप (पुन्हा पुन्हा वाजणारे तुकडे) वापरतात, सूर दुरुस्त करणारं ऑटोट्यून लावतात, त्यांना कुणी असं म्हणत नाही. मी वेगळं काय केलं? खरंच विचारतेय, गोड बोलू नका.

ठेका

मी तबला शिकवतो. तुमच्या ड्रमरचं बरोबर आहे असं माझं मत आहे. अंतरा सुचत नाही ना, मग नाही सुचत. थांबायचं. मुखडा गात राहायचं, चार दिवस सोडून द्यायचं, पुन्हा धरायचं. ते अडणं हा शिकण्याचाच भाग आहे. माझ्याकडे येणारी मुलं आता कायद्याचे (तबल्यातल्या एका ठरावीक रचनेचे) पलटे, म्हणजे त्याच बोलांची उलटापालट, तीसुद्धा ॲपमधून काढून आणतात. पलटे बिनचूक असतात, पण एका जागी हात अडखळला की पुढचं काहीच सुचत नाही, कारण ते त्यांच्या डोक्यातून आलेलेच नसतात. तुमचा आवाज आणि शब्द चांगले असतील यात शंका नाही. पण ती चाल तुमची नाही.

मंद्रसप्तक

सूरवही, मी अरेंजर आहे. दुसऱ्यांच्या चालींना वाद्यं लावणं हाच माझा व्यवसाय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी 'लूप चालतो, ऑटोट्यून चालतो, मग एआय का नाही' याबद्दल. नवीन यंत्र आलं की विरोध होतो हे खरं आहे. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली, कारण पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही आणि श्रुती (सुरांच्या बारीक जागा) ठरीव राहतात. ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. १९८२ मध्ये ब्रिटनमधल्या वादकांच्या संघटनेच्या लंडन शाखेने सिंथेसायझरवर बंदीची मागणी करणारा ठराव केला होता. ऑटोट्यून १९९७ मध्ये आलं. ते बनवणारे अँडी हिल्डेब्रँड त्याआधी तेलाच्या शोधासाठी भूकंपलहरींचं गणित करायचे, आणि तेच गणित त्यांनी गळ्यातल्या सुराला लावलं. ही सगळी यंत्रं पुढे रुळली. पण त्यावरून एआयसुद्धा तसंच रुळेल आणि विषय संपेल, असं म्हणणं मला पटत नाही. पेटीवर कुठला सूर दाबायचा हे पेटी ठरवत नाही. ऑटोट्यून तुम्ही लावलेला सूर जागेवर आणतं, पुढचा सूर सुचवत नाही. तुमच्या गाण्यात मात्र अंतऱ्याचे सूर निवडले गेले आणि ते तुम्ही निवडले नाहीत. फरक इथे आहे.

एआय म्हटलं की सगळं एकाच टोपलीत टाकू नये. बीटल्स या ब्रिटिश बँडचं २०२३ चं गाणं आठवा. जॉन लेननने सत्तरच्या दशकात कॅसेटवर केलेलं घरगुती रेकॉर्डिंग होतं, आवाज पियानोखाली दबलेला. मशीन लर्निंगने तो आवाज वेगळा काढला आणि बँडमधल्या हयात असलेल्या दोघांनी त्यावर वाजवलं. त्याला २०२५ मध्ये ग्रॅमी मिळालं. गाणारा लेननच होता, एआयने फक्त कॅसेट साफ केली. मीही जुन्या रेकॉर्डिंगमधला पंख्याचा आवाज असाच काढतो, त्यात मला काहीच वावगं वाटत नाही.

स्वर निवडणारं यंत्रही अगदी आजचं नाही म्हणा. १९५७ मध्ये इलिनॉय विद्यापीठात हिलर आणि आयझॅकसन यांनी इलियाक नावाच्या संगणकाकडून स्ट्रिंग क्वार्टेट (चार तंतुवाद्यांची रचना) लिहून घेतलं होतं. पण कुठला सूर कुठल्यानंतर चालेल, काय नाकारायचं, हे नियम त्या दोघांनी स्वतः घातले होते. विचारलं असतं तर कुठला सूर का नाकारला याचं कारण त्यांना सांगता आलं असतं.

मी स्वतः काय पाहिलं ते सांगतो. संगीत बनवणाऱ्या एका एआय जनरेटरला मी रूपक तालात चाल मागितली होती. रूपक म्हणजे सात मात्रा, तीं तीं ना, धी ना, धी ना. याची गंमत अशी की समेवरच, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, खाली (तालातली हलकी जागा) आहे. पहिल्या मात्रेवर डग्ग्याचा खुला घुमारा नाही, वजन येतं ते चौथ्या मात्रेवर, धीवर. गाणारा त्या पोकळ समेवर शब्द ठेवतो, म्हणून रूपकातली ओळ तरंगते. जनरेटरने सात मात्रा बरोबर मोजल्या, तबलाही गोड वाजवला, पण प्रत्येक आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर दणदणीत धा. सात होते, रूपक नव्हता. मी 'पहिली मात्रा खाली ठेव' असं वेगवेगळ्या शब्दांत सांगून पाहिलं, तरी तेच. कारण बहुधा असं, की शिकवताना त्याला ऐकवलेल्या बहुतेक संगीतात पहिल्या मात्रेवर जोर असतो, म्हणून ते तिकडेच ओढलं जातं. हे ज्याला ऐकू येतं तो ते फेकून देईल. ज्याला ऐकू येत नाही तो अपलोड करेल. माझ्या दृष्टीने संगीतकार या दोघांतला पहिला.

म्हणून ड्रमरचं 'ऑर्डर दिलीस' मला अर्धंच पटतं. तुम्ही संगीतकार आहात की नाही हे या एका गाण्यावरून मी ठरवणार नाही. मी एवढंच विचारेन: जे काम मशीनला दिलंत, त्या कामातून तुमचा कान घडणार होता का? मला पंख्याचा आवाज काढून नवं काही शिकायला मिळत नाही, ते खुशाल द्यावं. पण अडलेला अंतरा सोडवणं हे चाल लावणाऱ्याचं मुख्य काम. तेच देऊन टाकलं तर पुढचा अंतराही अडेल, आणि त्याच्या पुढचाही.

आता जमलं तर एक करा. मूळ गुणगुणलेला मुखडा आणि मशीनने परत दिलेला मुखडा एकामागून एक ऐका. फक्त मुखडा. काही बदललंय का ते इथे लिहा.

चौथीतार

मी व्हायोलिन वाजवते, त्यामुळे माझी नजर 'व्हायोलिन मशीनचंच ठेवलं' या वाक्यावर गेली. संगीतकार कोण यावर चर्चा करताना ते व्हायोलिन कुठून आलं हेही विचारा. जून २०२४ मध्ये युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर या रेकॉर्ड कंपन्यांनी सुनो आणि तसंच दुसरं साधन युडिओ यांच्यावर दावे लावले. ऑगस्टमध्ये सुनोने न्यायालयात दिलेल्या उत्तरात इंटरनेटवर खुली सापडणारी कोट्यवधी रेकॉर्डिंग शिकवणीसाठी वापरल्याचं मान्य केलं आणि हा कायद्याने रास्त वापर आहे असा पवित्रा घेतला. पुढे २०२५ च्या अखेरीस यातल्या काही रेकॉर्ड कंपन्यांनी सुनो-युडिओशी करार केले. त्या रेकॉर्डिंगमध्ये ज्यांनी गज फिरवला त्या वादकांना कुणी विचारलं नव्हतं.

विचारून करता येतं, हेही दिसलंय. ए. आर. रहमान यांनी २०२४ मध्ये दोन दिवंगत गायकांचे आवाज एआयने वापरले, पण कुटुंबीयांची परवानगी घेऊन आणि मानधन देऊन. त्याच वर्षी जुलैमध्ये अरिजित सिंग यांच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या साधनांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला. म्हणजे प्रसिद्ध आवाजाला दाद मागता येते. सेक्शनमध्ये, म्हणजे अनेक व्हायोलिनवादकांच्या ताफ्यात, तिसऱ्या रांगेत बसून वाजवणारीचं नावच रेकॉर्डवर नसतं, ती काय मागणार?

आणखी एक, तुमच्या कामाचं. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने जानेवारी २०२५ च्या अहवालात म्हटलंय की नुसत्या सूचना लिहून मिळालेल्या कृतीवर लेखकत्व सांगता येत नाही. माणसाने स्वतः रचलेल्या भागावर सांगता येतं. म्हणजे शब्द आणि मुखडा तुमचे, अंतऱ्याची चाल कुणाचीच नाही. उद्या कुणी तोच अंतरा उचलला तर तुम्हाला बोलता येईलच असं नाही.

सूरवही

मंद्रसप्तक, दोन्ही मुखडे ऐकले. बदललंय. माझी दुसरी ओळ 'सा'वर संपत नाही, खाली कोमल निषादावर जाऊन थांबते. गिटारवर मी सी नंतर बी फ्लॅट कॉर्ड धरते, तिथे तो स्वर बसतो. मशीनने ती ओळ सरळ 'सा'वर आणून सोडलीय, खाली सी, ए मायनर, एफ, जी हे कॉर्ड. अंतरा पंचमावरून उठून तार 'सा'वर जातो, आणि खाली येताना शुद्ध निषाद. व्हायोलिनच्या सुरांनी मी इतकी भारले होते की हे लक्षातच आलं नाही.

ठेका सर, तुमचं पहिलं उत्तर वाचून राग आला होता. आता नाही.

मंद्रसप्तक

सापडलं तर. अंतऱ्यात पंचमावरून तार षड्ज गाठणं हे असंख्य गाण्यांत असतं, म्हणूनच तुमच्या मित्रांना ते पहिल्या ऐकण्यात ओळखीचं आणि सुंदर वाटलं. सुंदर आहेच. दोन्ही निषाद येणं हीसुद्धा चूक नाही, देस आणि खमाजमध्ये येतातच. पण ओळ कोमल निषादावर अधांतरी थांबवणं ही या गाण्यातली एकमेव गोष्ट होती जी तुमच्याखेरीज कुणाला सुचली नसती, आणि नेमकी तीच पुसली गेली. अंतरा त्या स्वरावरून सुरू करून बघा. वर जायची घाई करू नका. सुरुवातीला बेसूर वाटेल, गिटार बाजूला ठेवून फक्त तानपुऱ्यावर गा.

ठेका

आणि ठेका लावू नका इतक्यात. लय हाताने धरा. शब्द कुठे पडतात ते आधी कळू दे.

सूरवही

केलं. नवा अंतरा मंद्र कोमल नीवरून उठतो आणि मध्यमाच्या वर जातच नाही. आधीच्याइतका चटकन भिडत नाही, काल एका मैत्रिणीला ऐकवला तर ती म्हणाली 'जुना बरा होता'. मला तरी हाच ठेवायचाय. तिसरी ओळ अजून पडते, तिथे काम करतेय. जुनं व्हर्जन कुठेही टाकणार नाही. सुनो पुन्हा उघडणारच नाही असं वचन देत नाही, पण चाल सुचेपर्यंत तरी नाही.

चौथीतार ताई, व्हायोलिनची जागा आता रिकामी आहे. मुखडा आणि अंतरा यांच्या मधल्या पीसमध्ये काय वाजू शकेल?

चौथीतार

सा म्हणजे मधला सी धरला तर तुमचा तो खालचा बी फ्लॅट आमच्या सगळ्यात जाड, 'जी' नावाच्या तारेवर येतो. तिथे व्हायोलिनचा आवाज गडद असतो, जवळजवळ व्हायोलासारखा (व्हायोलिनपेक्षा मोठं, खालच्या सुरांचं वाद्य). मधला पीस वर नेऊ नका, त्याच तारेवर ठेवा, एकच व्हायोलिन, सेक्शन नको. तिसरी ओळ पक्की झाली की स्वरलिपी आणि लय लिहा, क्लिकसकट (लय मोजणाऱ्या टिकटिकीसकट) गिटारचा ट्रॅक जोडा. मी दोन-तीन टेक वाजवून पाठवते. कुठला ठेवायचा ते तुम्ही ठरवा, आणि श्रेयात माझं नाव लिहा.