अभ्यासिकेसाठी जुने थिन क्लायंट आणि नेटवर्क बूट: करावं का?

मानपाडेकर

घोडबंदर रोडला लागून आमचं सार्वजनिक वाचनालय आहे. त्याच्या अभ्यासिकेत आठ कॉम्प्युटर, सगळ्यांवर विंडोज १०. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि ही मशीनं विंडोज ११च्या अटींत बसत नाहीत. दोघांच्या हार्ड डिस्क गेल्यात जमा आहेत. कार्यकारिणीपुढे मी एक प्रस्ताव ठेवलाय, तोच इथे टाकतो. बिनधास्त चिरफाड करा.

ऐरोली-महापेच्या ऑफिसांतून बदलून निघालेले थिन क्लायंट (मुळात सर्व्हरशी जोडून वापरायचे छोटे कॉम्प्युटर) तुर्भ्याच्या सेकंडहँड व्यापाऱ्यांकडे लॉटमध्ये येतात. मला सांगितलेला भाव रिफर्बिश्ड डेस्कटॉपच्या निम्म्याहून कमी आहे. आत पंखा नाही. मेट्रोच्या कामामुळे आमच्याकडे खिडकी उघडली की टेबलावर बोटाने नाव लिहिता येतं, त्यामुळे ही गोष्ट माझ्यासाठी छोटी नाही.

डिस्क वापरायचीच नाही. बटण दाबलं की मशीनचं नेटवर्क कार्ड डीएचसीपीला (नेटवर्कवर पत्ते वाटणारी सेवा) पत्ता विचारतं आणि बूट कुठून करायचं तेही विचारतं. सर्व्हर टीएफटीपीवरून (फाइल पाठवायची साधी पद्धत) एक छोटी बूट फाइल देतो, ती कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, ओढून आणते आणि उरलेली सगळी सिस्टिम एकाच स्क्वॉशएफएस इमेजमधून (सगळी सिस्टिम दाबून बसवलेली एक फाइल) नेटवर्कवरून वाचली जाते. एलटीएसपी नावाचं लिनक्सवरचं सॉफ्टवेअर हे सगळं जुळवून देतं. १९९९पासूनचा प्रकल्प आहे, २०१९मध्ये नव्याने लिहिला गेला. राउटरला हातही लावावा लागत नाही, सर्व्हरवरचा डीएनएसमास्क हा प्रोग्राम फक्त बूटची माहिती द्यायला प्रॉक्सी म्हणून बाजूला बसतो.

फायदा असा की अपडेट एकदा करायचं, आठदा नाही. आणि कुणी काहीही उद्योग केले तरी मशीन बंद करून चालू केलं की पुन्हा कोरं.

वागळे_एएमसी

मानपाडेकर, ऐकायला झकास आहे, पण मी ऑफिसांच्या कॉम्प्युटरच्या देखभालीची कामं घेतो, त्यामुळे आधी वाईट तेच दिसतं.

आज तुमचं एक मशीन बसलं तर सात चालू राहतात. उद्या सर्व्हर बसला तर आठही बसणार. त्या दिवशी तुम्ही गावाला असलात तर? ग्रंथपाल बाई टीएफटीपीचा लॉग बघणार आहेत का? तीनहात नाक्यापासून कासारवडवलीपर्यंत विंडोज फॉरमॅट करून देणारा पोरगा गल्लीगल्लीत मिळतो. एलटीएसपी म्हटलं की समोरचा आधी स्पेलिंग विचारेल.

दुसरं, थिन क्लायंटचा प्रोसेसर मुळात दुसऱ्या मशीनचा पडदा दाखवायला बनवलेला असतो. तुम्ही त्याच्यावर क्रोमियम ब्राउझर चालवणार. आजची एक सरकारी वेबसाइट आणि एक मॉक टेस्टचा टॅब उघडा, मग बोलू.

माझा सल्ला सरळ आहे. सहाव्या-सातव्या पिढीच्या इंटेलचे छोटे ऑफिस डेस्कटॉप घ्या. विंडोज ११च्या यादीत इंटेल साधारण आठव्या पिढीपासून सुरू होतं, त्यामुळे ही मशीनं ऑफिसांतून ढिगाने बाहेर पडतायत. ८ जीबी रॅम, एसएसडी, वर लिनक्स मिंट. विषय संपला.

कोपरीची_पोर

मी अशाच एका अभ्यासिकेत बसते (एमपीएससी). आम्हाला विचाराल तर आधी चार्जिंगचे पॉइंट वाढवा. निम्मी मुलं फोनवरच वाचतात. पण फॉर्म मात्र फोनवर भरवत नाही, फोटो आणि सही अमुक केबीत बसवताना जीव जातो. त्यासाठी धड चालणारी चार मशीनं पुरतात, आठ कशाला?

आणि तो ‘कोरं’वाला मुद्दा हलक्यात घेऊ नका. आमच्याकडच्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये कुणाकुणाची आधार कार्डं, मार्कशीट, जातीचे दाखले पडलेत. मी स्वतः डोळ्यांनी बघितलंय, आणि माझंही कुणीतरी बघितलं असणारच.

घणसोली_लॅब

आमच्या शाळेची लॅब याच पद्धतीवर चालते, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

वागळे, ‘सर्व्हर दणकट आणि टोकाचं मशीन नुसता पडदा’ ही जुन्या एलटीएसपीची मांडणी. आता सिस्टिम सर्व्हरवरून येते, पण प्रोग्राम टोकाच्या मशीनच्याच प्रोसेसरवर आणि रॅमवर चालतात. त्यामुळे सर्व्हर म्हणून साधा डेस्कटॉप पुरतो, पेन ड्राइव्ह लावला तर तिथल्या तिथे उघडतो. पण याचाच दुसरा अर्थ असा की टोकाचं मशीन भिकार असेल तर सर्व्हर कितीही भारी घ्या, उपयोग नाही. इथे मी तुमच्या बाजूने आहे.

म्हणून मानपाडेकर, लॉट बघायला जाल तेव्हा मॉडेल बघा, भाव नंतर. डेल वाइज ३०४० हातात घेतलं की मोह होतो, एवढंसं आहे. त्यात २ जीबी रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, वाढवता येत नाही. वर त्याला फक्त डिस्प्लेपोर्ट, तुमचे मॉनिटर व्हीजीएचे असणार, म्हणजे प्रत्येकी एक कन्व्हर्टर. एचपी टी६२० मिळालं तर रॅमचे दोन स्लॉट असतात, जुन्या लॅपटॉपमधली डीडीआर३एल लागते, ८ जीबी करून टाका. वाइज ५०७० त्याहून बराच बरा, पण भावही तसाच सांगतात.

डिस्क नाही म्हणजे स्वॅपही (रॅम भरली की वापरायची डिस्कवरची जागा) नाही, हे लोक विसरतात. शिवाय मशीन चालू असताना जे काही बदलतं ते रॅममध्येच साठतं. २ जीबीवर चौथ्या टॅबला मशीन गुदमरतं. झेडरॅम (रॅममधलंच दाबून ठेवायची सोय) चालू केलं की थोडा श्वास मिळतो, थोडाच.

व्हिडिओबद्दलही बोलायला हवं. टी६२०च्या एएमडी चिपला व्हीपी९ या व्हिडिओ प्रकाराचं हार्डवेअर डिकोडिंग नाही आणि यूट्यूब ब्राउझरला सहसा तेच देतं. सगळा भार प्रोसेसरवर. त्याऐवजी एच२६४ हा जुना प्रकारच घ्यायला लावणारं एक्स्टेंशन इमेजमध्ये टाकून ठेवा, ७२० नीट चालतं. लेक्चर बघणाऱ्या मुलांना तेवढं पुरतं.

आणि स्विच! तुमच्याकडे १०० एमबीपीएसचा जुना स्विच असेल तर तो आधी बदला. एका मशीनने सुरू होताना ३०० एमबी वाचले असं धरा. आठ मिळून २४०० एमबी. त्या स्विचमधून सर्व्हरकडून सेकंदाला जेमतेम १२ एमबी निघतात, म्हणजे सकाळी सगळी एकदम लावली तर सव्वातीन मिनिटं नुसती वाट बघायची. गिगाबिटवर तेच काम अर्ध्या मिनिटाच्या आत होतं. लोक शिव्या थिन क्लायंटला घालतात आणि दोषी कपाटावरचा तो धुळकट डबा असतो.

हिशेबनीस

एका संस्थेची खजिनदार म्हणून विचारते. तुर्भ्याचा व्यापारी जीएसटीचं पक्कं बिल देणार आहे का? सार्वजनिक न्यासाचं ऑडिट होतं, तिथे ‘भंगारातून घेतलं, स्वस्त पडलं’ असं लिहून चालत नाही. २०२२चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत, त्यात रिफर्बिशरनेही नोंदणी करायची असते. नोंदणी असलेल्याकडूनच घ्या. आणि लॉटमध्ये अडॅप्टर धरलेत का? थिन क्लायंटचा अडॅप्टर बाहेरचा असतो, मॉडेलप्रमाणे व्होल्ट आणि पिन बदलते. आमच्याकडे वेगळ्याच उपकरणांच्या बाबतीत ‘अडॅप्टर वेगळे घ्या हं’ हे पैसे दिल्यावर कळलं होतं.

मानपाडेकर

@हिशेबनीस: बिल आणि अडॅप्टर, दोन्ही टिपून घेतलं. बिलावर प्रत्येक मशीनचा सिरियल नंबरही मागतो.

@वागळे: विजेचा हिशेब तुम्ही सोडलात. आमचे जुने टॉवर चालू असताना ५० वॉटच्या आसपास खातात, थिन क्लायंट १२च्या. आठ मशीनं, रोज बारा तास, म्हणजे साडेतीन युनिटांहून जास्त वाचतात. सर्व्हरचं अर्धं युनिट वजा करा. युनिटला १० रुपये धरले तरी महिन्याला नऊशेच्या घरात जातं. वाचनालयाला हे पैसे दिसतात हो.

वागळे_एएमसी

तुम्ही टॉवरशी तुलना करताय. मी सांगतोय ते छोटे डेस्कटॉपही नुसते चालू असताना १०-१५ वॉटच घेतात. त्यांच्यासमोर तुमचे नऊशे रुपये उरत नाहीत. उलट सर्व्हरचं अर्धं युनिट वर चढतं.

खाडीपलीकडचा

इथे दोन वेगळे प्रश्न एकाच पिशवीत कोंबलेत आणि म्हणून सगळे एकमेकांच्या शेजारून बोलतायत.

डबा कुठला घ्यायचा हा एक. डिस्क ठेवायची की नेटवर्कवरून बूट करायचं हा दुसरा. वागळेंचे छोटे डेस्कटॉपही पीएक्सईने, म्हणजे नेटवर्कवरून, बूट होतात, ऑफिसचं मशीन म्हणजे ती सोय असतेच. आणि थिन क्लायंटमध्ये एसएसडी घालून तो एकटाही चालवता येतो. पहिल्या प्रश्नावर मी वागळेंच्या बाजूने, दुसऱ्यावर मानपाडेकरांच्या.

नेटवर्क बूटचा खरा फायदा स्वस्ताई नाहीच. कोपरीच्या ताईने सांगितलेलं ते डाउनलोड्स फोल्डर हा आहे. अनोळखी माणसांनी दिवसभर वापरायच्या मशीनवर काही उरता कामा नये, आणि ते कुणाच्या लक्षात राहण्यावर अवलंबून नको. आठ डिस्क असल्या की आठ ठिकाणी ते नीट केलंय ना हे बघत बसावं लागतं. तीन महिन्यांत आठ मशीनं आठ तऱ्हेची झालेली असतात.

वागळे_एएमसी

पाहुण्यांचं लॉगिन एका डिस्कवरही कोरं ठेवता येतं राव. गेस्ट सेशन नावाची गोष्ट आहे. आणि एक मशीन नीट बसवून क्लोनझिला या डिस्क कॉपी करणाऱ्या प्रोग्रामने सातवर उतरवायचं, एका दुपारचं काम.

घणसोली_लॅब

दुपार पहिल्यांदा एकच लागते, खरंय. मग ब्राउझरचं मोठं अपडेट येतं, मग प्रिंटर बदलतो, मग कुणाला तरी मराठी इनस्क्रिप्ट हवा असतो. दर वेळी आठ मशीनं. आमच्याकडे मी सर्व्हरवर बदल करून ‘एलटीएसपी इमेज’ ही आज्ञा देतो आणि मुलं दुसऱ्या दिवशी येतात तेव्हा सगळीकडे नवं असतं. वीस-तीस मशीनं असती तर तुम्हीही वाद घातला नसतात. आठवर वाद घालण्यासारखा आहे, हे मान्य.

सर्व्हर बसण्याबद्दल: इमेज म्हणजे एकच फाइल. दुसऱ्या एका मशीनवर तसंच एलटीएसपी बसवून ती तिथे उतरवून ठेवा. पहिला गेला की केबल काढून दुसऱ्याला लावायची, ते ग्रंथपालही करू शकतात. महावितरणची वीज गेली तर सर्व्हर आणि स्विच यूपीएसवर हवेतच. आणि नुसता सर्व्हर रीस्टार्ट झाला तर एनएफएसवरची (सर्व्हरवरच्या फाइल नेटवर्कवरून वाचायची पद्धत) मशीनं गोठून थांबतात, तो परतला की पुढे चालू लागतात. फक्त तेवढ्यात कुणी घाबरून पॉवरचं बटण दाबू नये, म्हणून आम्ही भिंतीवर कागद चिकटवलाय.

वागळे_एएमसी

म्हणजे दोन सर्व्हर, नवा स्विच, यूपीएस, कन्व्हर्टर, वाढीव रॅम. ते ‘निम्म्याहून कमी’ कुठे गेलं?

मानपाडेकर

बरोबर, बऱ्यापैकी वितळलं. पण यूपीएस आमच्याकडे आहे आणि दोन सर्व्हर म्हणजे आत्ताच्या आठांतले धड असलेले दोन टॉवर, त्यात एसएसडी घालून. स्विच तर तुमच्या पद्धतीतही लागलाच असता.

कार्यकारिणीपुढे आता असं मांडतो: आठऐवजी सहा मशीनं, नेटवर्क बूट नक्की. डबा कुठला ते एक टी६२० आणि एक छोटा डेस्कटॉप आणून मॉक टेस्टवर बसवून ठरवू. कोपरीची_पोर, तुम्हाला जमलं तर तपासायला या, फॉर्म भरणाऱ्याला जे दिसतं ते आम्हाला दिसत नाही.

कोपरीची_पोर

येते. चार्जिंग पॉइंटचं काय झालं पण?

मानपाडेकर

दोन मशीनं कमी केली त्या टेबलांवर बसतील. इलेक्ट्रिशियनशी बोललोय.

वागळे_एएमसी

सर्व्हरचा पासवर्ड तुमच्याशिवाय आणखी दोघांकडे असेल आणि दुसरा सर्व्हर ग्रंथपालांनी स्वतः एकदा लावून बघितला असेल, तर माझा विरोध निम्मा कमी. उरलेला निम्मा टी६२०वर मॉक टेस्ट बघितल्यावर सांगतो. मीही येतो.